टाळी वाजली की उकिडवं बसायचं

२१ जून, शुक्रवार. योगदिन. सकाळ. केंद्राचा हॉल.

हजर: संस्थेच्या संचालिका, त्यांना सगळे काकू म्हणतात. योगाच्या बाई. बाईंच्या बागेतल्या वर्गाला येणाऱ्या पाहुण्या, सगळ्या पांढऱ्या कपड्यांत. एक फोटोवाला. आणि केंद्रात राहणाऱ्या आम्ही. आमच्यात मी, पद्मा, रेणुका आणि बाकीच्या. गैरहजर: लक्ष्मी. तिची कोर्टाची तारीख होती.

मला असंच लिहायची सवय आहे. कोण होतं, कोण नव्हतं ते आधी. मग काय झालं ते.

केंद्र म्हणजे जेलमधून बाहेर आलेल्या, पण घरचं दार बंद झालेल्या बायकांसाठीचं घर. कोणी सुटलेली, कोणी जामिनावर. खाट, दोन वेळचं जेवण, शिवणकाम आणि रोज सकाळी योग. योग सक्तीचा. वर्ग पूर्ण केला तर राहायची मुदत वाढते.

त्या दिवशी बाई म्हणाल्या, दोघी-दोघींच्या जोड्या करा, एकामागे एक उभ्या राहा. मी टाळी वाजवली की उकिडवं बसायचं. ह्याला मालासन म्हणतात, कंबरेला फार चांगलं.

टाळी वाजली. आम्ही बसलो. माना खाली गेल्या. पहिल्या जोडीत मी होते. मी म्हणाले, "एक."

मागून आवाज आला, "दोन." त्याच्या मागून, "तीन." असं शेवटच्या जोडीपर्यंत गेलं. शेवटी पद्मा होती. तिने आकडा सांगितला आणि वर "बरोबर" म्हणाली.

आम्ही काही ठरवलं नव्हतं. जेलात बराक उघडताना गिनती, बंद करताना गिनती. टाळी. जोडीजोडीने उकिडवं. मान खाली. आकडा. शेवटच्या जोडीने आकडा सांगून बरोबर म्हणायचं. आमच्यातल्या कोणी थोडे महिने आत काढले होते, कोणी वर्षं. टाळी ऐकून सगळ्यांचे गुडघे एकदमच वाकले.

पाहुण्यांना काय झालं ते कळलं नाही. कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्याच हसल्या. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता. गॅदरिंगला लहान मुलं नाच चुकली की पालक हसतात, तसं. योगाच्या बाई म्हणाल्या, "अगं, पाढे नाही म्हणायचे." पुन्हा हसणं झालं.

फोटोवाल्याचा मोबाईल उशिरा चालू झाला होता. त्याने विचारलं, परत एकदा घेता येईल का. काकू म्हणाल्या, "घ्या ना. किती शिस्तीत करतात बघा."

आम्ही परत केलं. टाळी. उकिडवं. एक. दोन. तीन. बरोबर.

मला ह्या दुसऱ्या वेळचं लिहायचं आहे. पहिल्या वेळी आम्ही आपोआप बसलो. दुसऱ्या वेळी आम्हाला बसवलं, हसण्यासाठी. मी 'एक' म्हणाले तेव्हा मला सगळं कळत होतं. तरी म्हणाले. खाट हवी होती.

एवढ्यावर संपलं नाही. मी उकिडवीच असताना बाई मागून आल्या. त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला आणि डोकं आणखी खाली दाबलं. मऊ हात होता. पावडरचा वास. बाई वाईट माणूस नाहीत. पण मागून मानेवर हात आला की मी माझ्यात राहत नाही. आवाज लांब जातात. पाय कुठे आहेत कळत नाही. रडू येत नाही, राग येत नाही. काहीच येत नाही. लॉकअपमध्ये हे पहिल्यांदा झालं. तेव्हापासून कधीही होतं.

बाईंनी हात काढला तरी मी हलले नाही. त्या पाहुण्यांना म्हणाल्या, "बघा, हिला कसं ध्यान लागलं."

फोटो निघाला. मोठा करून हॉलच्या भिंतीवर लावला. खाली लिहिलं, 'शांती'. तो फोटो माझा आहे. मी त्याच्याखालून रोज चटया उचलून नेत होते.

रात्रीच्या जेवणाला पद्मा पानात आमटी ओतत म्हणाली, "ताई, उद्यापासून पाढे पाठ करून या. सत्तावीसचा मला येत नाही." आम्ही हसलो. पद्मा तेलुगू घरातली, माहेर सासर दोन्ही मागावर कापड विणणारं. ती अशीच आहे. हसवते आणि मग गप्प बसते.

आता माझं थोडं सांगते. थोडंच.

मी सोलापूरच्या सेटलमेंटमधली. इंग्रजांनी आमच्या लोकांना जन्माने चोर ठरवलं आणि तारेच्या आत ठेवलं. आजोबा रोज हजेरी द्यायचे. तार निघून किती काळ झाला, पण गावात कुठे चोरी झाली की पोलीस आधी आमच्याकडे येतात. मी दहावी केली. टॉवेलच्या कारखान्यात लागले. हजेरी घेणं, माल मोजून गाठी बांधून घेणं, गाडी भरली की सही घेणं. आजोबांनी हजेरी दिली, मी हजेरी घेऊ लागले. माझं काम कधी चुकलं नाही. मालक म्हणायचे, तुझ्यावर डोळे मिटून विश्वास.

मग कपाटातले पैसे गेले. कपाटाची किल्ली माझ्याकडे कधीच नव्हती. पण त्या संध्याकाळी पोलीस किल्ली असलेल्यांकडे गेले नाहीत.

लॉकअपमध्ये एका शिपाईबाईने माझे पाय धरले. दुसऱ्याने तळव्यांवर मारलं. मानेवर तिसऱ्याचा हात. मी त्या बाईच्या हातांकडे बघत होते. हिरव्या बांगड्या होत्या, नव्या. नवं लग्न असावं. एवढंच आठवतं. पुढे जेल. मग जामीन. जामिनाला पत्ता लागतो. घरमालकाने सामान बाहेर ठेवलं होतं. भाऊ म्हणाला, पोरींची लग्नं व्हायची आहेत. म्हणून केंद्र.

केंद्रात मी पहिल्या आठवड्यातच कामाला लागले. चटया मोजून ठेवणं, न्हाणीघराच्या पाळ्या, औषधांच्या वेळा, तारखा कोणाच्या कधी. काकू खूश होत्या. मीही बरी होते. कामात असलं की आतलं काही ऐकू येत नाही. वर्षभराने माझा निकाल लागला. निर्दोष. वकिलांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी चादरी घड्या करत होते. बरं म्हणाले. घड्या पुऱ्या केल्या. जायला जागा नव्हती, म्हणून काकूंनी महिना-महिना मुदत वाढवून दिली.

आता रेणुका.

रेणुका सांगोल्याकडची. मेंढरांमागे वाढलेली. पंचविशीची असेल. नवऱ्याच्या मरणाची केस आहे तिच्यावर, सासरच्यांनी टाकलेली. जामीन मिळाला तो ह्याच अटीवर की ती केंद्रात राहील. ती बोलायची कमी. पण तिचं एक होतं. ती आडवी होत नसे. रात्री खाटेवर बसायची, पाठ भिंतीला लावून, पाय पोटाशी घेऊन, आणि तशीच झोपायची. पहिल्या दिवशी तिची खाट मधोमध होती. ती रात्रभर जागीच होती. मी दुसऱ्या दिवशी खाटा बदलल्या. तिला कोपरा दिला, जिथून दार दिसतं. मग ती डुलक्या घेऊ लागली.

मी तिला एकदाच म्हणाले, जरा पड की, पाठ दुखेल. ती म्हणाली, "नगं मावशी. बसूनच बरं हाय. पडलं की ती येत्यात."

कोण येतात, मी विचारलं नाही. आम्ही एकमेकींना विचारत नाही.

योगाचा वर्ग संपताना शवासन. सगळ्यांनी पाठीवर पडायचं, डोळे मिटायचे, हातपाय सैल सोडायचे. बाई मधून फिरायच्या. कोणाचा खांदा दाबायच्या, कोणाचा पाय सरळ करायच्या. न सांगता. रेणुका भिंतीला टेकून बसून राहायची. बाईंना ते लागलं. त्यांनी आधी समजावलं. मग दुर्लक्ष केलं. मग रोज तिचं नाव घेऊ लागल्या. म्हणायच्या, शवासन हेच खरं आसन, बाकी सगळी तयारी. जी शवासन करत नाही तिने वर्ग केलाच नाही.

वर्ग केलाच नाही म्हणजे मुदत नाही. मुदत नाही म्हणजे जामिनाची अट मोडली. अट मोडली म्हणजे परत जेल. हे बाईंच्या डोक्यात नसेल. आमच्या होतं.

ऑगस्टमधली सकाळ. मी पुढे उभी होते, कारण चटया आणि हजेरी माझ्याकडे. सगळ्या आडव्या झाल्या. बाई रेणुकाजवळ गेल्या, बसल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग दोन्ही खांदे धरले आणि तिला भिंतीपासून पुढे ओढून पाठीवर निजवायला लागल्या. हळू. बोलत होत्या, काही होत नाही, मी आहे ना. रेणुका ओरडली नाही. तिची मान ताठ झाली. पाय चटईवर घासायला लागले.

बाई मला म्हणाल्या, "अगं, हिचे पाय धर जरा. एकदा आडवी झाली की भीती निघून जाईल."

मी दोन पावलं गेले. सांगितलेलं काम करायची सवय. रेणुकाचे पाय समोर आले. टाचा भेगाळलेल्या, रानात फिरणाऱ्या माणसाच्या. बोटं आत वळलेली. मी ते पाय बघितले आणि थांबले.

म्हणाले, "मी धरणार नाही."

बाईंना वाटलं मला ऐकू आलं नाही. परत म्हणाल्या. मीही परत म्हणाले.

"का गं?"

"माझे धरले होते."

बाईंना समजलं. त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तरी त्यांनी खांदे सोडले नाहीत. म्हणाल्या, "ते वेगळं. इथे आपण प्रेमाने धरतोय."

"प्रेमाने पण नको."

आवाज माझा होता, पण मी तो लांबून ऐकला. मी चालत गेले आणि रेणुका आणि बाई ह्यांच्यामध्ये माझा हात घातला. बाईंचे हात निघाले. मी रेणुकाशेजारी भिंतीला टेकून बसले. डोळे उघडे. दाराकडे तोंड. मला तिथून भिंतीवरचा माझा फोटो दिसत होता. मी त्याच्याकडे नीट पाहिलं. फोटोतल्या बाईला ध्यान लागलेलं नाही. ती तिथे नाहीच. हे मला कळलं. एवढे दिवस मी त्याच्याखालून जात होते आणि मला कळलं नव्हतं.

पद्मा उठली. पदर खोचला आणि येऊन माझ्या दुसऱ्या बाजूला बसली. बाकीच्या पडून राहिल्या, डोळे मिटून. त्यांना मी काही म्हणत नाही. खाट सगळ्यांनाच हवी.

दुपारी काकूंनी ऑफिसात बोलावलं. चहा आला. काकूंना कपबशीत, मला स्टीलच्या पेल्यात. तो पेला खिडकीत पालथा असतो, आमच्यापैकी कोणी आलं की तोच. मी तो आधीही घेतला होता. त्या दिवशी घेतला नाही, टेबलावर तसाच ठेवला.

काकू रागावल्या नाहीत. त्या कधीच रागावत नाहीत. म्हणाल्या, बाई एक पैसा न घेता येतात. एवढ्या मोठ्या घरच्या, तुमच्याबरोबर जमिनीवर बसतात. त्या रडत होत्या. मग म्हणाल्या, "तू हुशार आहेस. तुमच्यातली इतकी हुशार बाई मी पाहिली नाही. उद्या वर्गात सगळ्यांसमोर माफी माग आणि विषय संपव."

तुमच्यातली. मी जेलात होते म्हणून, की सेटलमेंटची म्हणून, ते मी विचारलं नाही. दोन्ही असेल.

मी म्हणाले, बाईंनी रेणुकाला सांगावं की विचारल्याशिवाय हात लावणार नाही. तिला बसून राहू द्यावं आणि तिची हजेरी पूर्ण धरावी. हे झालं तर मी माफी मागते, पाहिजे तेवढ्यांसमोर.

काकू म्हणाल्या, "अटी घालतेस?"

"हो."

हो म्हणायला मला काही जड गेलं नाही. हे सांगायला हवं, कारण नंतर लोक म्हणाले, केवढी हिंमत. हिंमत वगैरे नव्हती. बधिर माणसाला चटका कळत नाही, तसं ते होतं. चटका नंतर कळला. माझी मुदत वाढली नाही. रेणुकाची वाढली. महिनाअखेरीला मी पिशवी भरली. रेणुका दारापर्यंत आली. पुढे तिला परवानगी नव्हती.

पद्माची मावशी कुंभारीला विडी कामगारांच्या घरांत राहते. तिने मला एक खोली दिली. मला विचारलं, विड्या वळता येतात का. नाही म्हटलं. मग म्हणाली, हिशोब येतो ना, पुरे. मी तिच्या गल्लीतल्या बायकांच्या विड्यांचे हिशोब बघते आणि दुपारी एका टॉवेलच्या कारखान्यात शिलाईच्या खात्यात जाते. तिथे माझी केस माहीत आहे. मीच आधी सांगितलं.

योग मी सोडला नाही. खरं तर तो मी तेव्हाच सुरू केला.

तळपाय बधिर होते म्हणून दवाखान्यात गेले होते. डॉक्टर म्हणाले, नसा ठीक आहेत, वरच्या मजल्यावर महादेवी मॅडमना भेट. त्या समुपदेशन करतात. अक्कलकोटकडच्या, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलतात, सगळे त्यांना अक्का म्हणतात. रविवारी त्या एका समाजमंदिरात वर्ग घेतात, जेलमधून आलेल्यांसाठी आणि दारू सोडणाऱ्यांसाठी. मी म्हटलं, मला योग नको. त्या म्हणाल्या, बरं. दार उघडं असतं, नुसती येऊन बस. उठून जायचं असेल तर विचारू नको, उठ आणि जा.

पहिल्या रविवारी मी दाराजवळ बसले. अक्का कोणाच्या मागे जात नव्हत्या. टाळ्या वाजवत नव्हत्या. डोळे मिटायचं काम नव्हतं. कोणी हात वर केले, कोणी नाही केले. एक माणूस वर्गभर नुसता खिडकीत उभा होता. त्याला कोणी काही म्हणालं नाही.

मला वाटलं, हा काय वर्ग आहे. शिस्त नाही. मनातल्या मनात मी चटयांची रांग सरळ करत होते.

मग अक्का माझ्यासमोर आल्या, समोरून, आणि खाली बसल्या. विचारलं, "खांद्याला हात लावू का?" मी लगेच हो म्हटलं. त्यांनी हात पुढे केलाच नाही. म्हणाल्या, "हो लई पटकन आलं. आता नाही म्हणून बघ."

मला म्हणता आलं नाही. रेणुकासाठी म्हणाले होते. काकूंच्या तोंडावर अटी घातल्या होत्या. पण माझ्या स्वतःच्या खांद्यासाठी नको हा शब्द बाहेर येईना. अक्का म्हणाल्या, मराठीत येत नसेल तर कानडीत म्हण. बेड. म्हणजे नको. मागून एक दारू सोडणारे काका म्हणाले, "मला बी हेच येत नव्हतं बघा. कुणी बाटली पुढं केली की लगेच व्हय." सगळे हसले. त्या हसण्यात मीही होते.

मी म्हणाले, बेड. अक्कांनी हात मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, बरं. झालं. एवढाच धडा.

घरी करायला त्यांनी मला एकच दिलं. सकाळी अनवाणी फरशीवर उभं राहायचं, डोळे उघडे, हात भिंतीला, आणि स्वतःला विचारायचं, गार लागतं का. मी रोज उभी राहिले. रोज उत्तर नाही. हिवाळा गेला. उन्हाळ्यात फरशी तापते, तर विचारायचं, गरम लागतं का. नाही. मग एका सकाळी डाव्या पायाला कळलं. उजव्याला नाही. अजून उजव्याला नाही. कोणाला वाटत असेल की मी बरी झाले, तर तसं नाही. एका पायाला कळतं.

पुढे अक्कांनी मला वर्गात मदतीला घेतलं. आता सेटलमेंटजवळ त्यांनी दुसरा वर्ग सुरू केलाय, त्याचं मी बघते. नियम मी ठरवले. दार उघडं. तोंड दाराकडे. टाळी नाही, शिट्टी नाही, आकडे मोठ्याने मोजायचे नाहीत. जोड्या नाहीत. उकिडवं बसायला कोणी कोणाला सांगायचं नाही. हात लावायच्या आधी समोर येऊन विचारायचं. नको म्हटलं तर कारण विचारायचं नाही. पाठीवर पडायचं तर पडा, बसायचं तर बसा. एकदा नवीन आलेली बाई म्हणाली, ह्याला काय योग म्हणतात व्हय, निस्तं बसायचं. मी म्हटलं, बसून बघ, निस्तं बसणं किती जमतं ते. ती पुढच्या वेळेला आली.

ह्या वर्षी मेमध्ये काकूंचा फोन आला. योगदिनाला ये, मनोगत सांग. केंद्राचं नाव झालंय, तुझ्यासारखी दोन शब्द बोलली तर मुलींना उभारी येईल. बाईही येणार आहेत, त्यांच्या मनात काही नाही. मी विचारलं, रेणुका कशी आहे.

काकू म्हणाल्या, "आता छान झोपते गं. गोळी सुरू केली ना."

मी विचारलं, कोणी दिली, तिला विचारून दिली का. काकू म्हणाल्या, बघ, परत तेच. मी मनोगताला नाही म्हणाले आणि फोन ठेवला.

रेणुकाची तारीख होती तेव्हा मी कोर्टात गेले. ती बाकावर बसली होती, केंद्राची एक बाई शेजारी. चेहरा सुजलेला. मला ओळखायला तिला जरा वेळ लागला. मी समोर जाऊन खाली बसले, विचारलं, हात धरू का. तिने मान हलवली. जीभ जड होती. म्हणाली, "मावशी, आता पडती मी. कवा पडली त्येच कळत न्हाय. सकाळी पडलेली असती."

मी विचारलं, अजून ते येतात का.

"येत असत्याल. मला कळत न्हाय न्हवं."

तिचा हात थंड होता, ते मला कळलं. केंद्राच्या बाईने घड्याळ बघितलं. नाव पुकारलं. ती उठून गेली, पाय ओढत.

मी त्याच मजल्यावर तिच्या मोफत वकिलांना गाठलं. तरुण आहेत, घाईत असतात, पण ऐकतात. त्यांनी सांगितलं ते असं. जामिनावरचा पत्ता बदलता येतो. कोर्टाला अर्ज करायचा. नवीन पत्ता द्यायचा, आणि जिथे राहणार त्या घरमालकाची संमती, सहीनिशी. पोलीस येऊन बघून जातील. औषधाचं काय, तर सरकारी दवाखान्यात दाखवायचं, अक्का आहेतच. मी विचारलं, माझी खोली चालेल का. चालेल, मालकाने सही दिली तर.

पद्माची मावशी हो म्हणाली. पण घर मुलाच्या नावावर आहे. मुलगा म्हणाला, "तुमचं ठीक आहे ताई. पण खुनाच्या केसवाली दारात? पोलीस आले की गल्ली गोळा होईल. मला पोरं आहेत." तो वाईट नाही. त्याने मला खोली सोडायला सांगितलं नाही, एवढंच म्हणाला की सही देणार नाही.

मग मी दोघींसाठी दुसरी जागा शोधायला लागले. मोहोळला माझ्या मावसबहिणीचा जुना शेजारी, त्याचं घर रिकामं आहे. त्याने आधी हो म्हटलं, नंतर फोन उचलला नाही. कारखान्यातल्या मुकादमाच्या ओळखीचा एक मालक, त्याने आमचं आडनाव विचारलं आणि मग खोली दुसऱ्याला दिल्याचं सांगितलं. अक्कांच्या गावाकडे एक बाई तयार होती. तिचे दीर आडवे आले. सेटलमेंटमध्ये माझ्या भावाने दार उघडलं, पाणी दिलं, आणि म्हणाला, ताई, तुझ्यासाठी एक वेळ केलं असतं. माझ्यासाठीही त्याने केलं नव्हतं. पाणी प्याले आणि निघाले.

प्रत्येक दारात मी केस आधी सांगते. लपवून सही घेतली तर पोलीस चौकशीला आले की ते मागे घेतील, आणि मग रेणुका परत तिथेच. वकील म्हणाले, थोडं कमी सांगितलंत तरी चालेल. मी म्हणाले, नाही.

मला रेणुकाला बरं करायचं नाही. मला ते येत नाही. ती माझ्याकडे राहायला आली तर मी तिला दाराकडच्या भिंतीशी जागा देईन आणि तिला बसून झोपायचं असेल तर ती बसून झोपेल. कोणी तिचे खांदे धरणार नाही. कोणी पाय धरणार नाही. गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टर तिला विचारतील, तिच्या तोंडावर, आणि ती नको म्हणाली तर तिचं ऐकलं जाईल. ती आयुष्यभर आडवी झाली नाही तरी चालेल. एवढंच मला हवं आहे आणि ह्यातलं काहीही मी कमी करणार नाही.

अर्ज तयार आहे, पत्त्याची जागा तेवढी कोरी. वकिलांनी लिहिला, मी तपासला, दोन चुका काढल्या. रेणुकाचा अंगठा झाला आहे. अक्कांचं पत्र जोडलं आहे. तारीख पुढच्या महिन्यात. उद्या कारखान्याला अर्धी सुट्टी टाकली आहे, अक्कलकोट रस्त्याला दोन घरं बघायची आहेत.

घरमालकाची सही बाकी आहे.